दोन दिवसांपुरता नियम

वायरमावशीला राग यायला कारण लागत नाही, असं त्या हॉस्पिटलात सगळेच म्हणायचे. साफ खोटं. कारण दर वेळी असायचं, चांगलं हातभर लांब असायचं. पण ते वायरीत असायचं आणि वायरीत डोकं घालायची कोणाची तयारी नसायची. झाडताना प्लग उपटणारा सफाईवाला, सर्व्हरच्या डोक्यावर कॉफीचा कप ठेवणारे डॉक्टर, "जरा नेट बघा ना, मावशी" म्हणत स्वतःचा फोन पुढे करणाऱ्या नर्सा, या सगळ्यांना तिनं वेळोवेळी फैलावर घेतलं होतं. त्यांच्या मते ती तापट होती. तिच्या मते त्या इमारतीत ती एकटीच शुद्धीवर होती.

एकतीस वर्षांपूर्वी ती खांद्यावर शिडी घेऊन टेलिफोनच्या तारा ओढायला इथे लागली. बरोबरचे पुरुष शिडी धरायचे आणि सल्ले द्यायचे. पुढे टेलिफोनच्या तारा मागे पडून कॉम्प्युटरच्या आल्या आणि सल्ले देणारे एकेक करून निवृत्त झाले. नवं काम शिकायला कोणी पुढे येईना, तेव्हा हिनं मांडीवर शब्दकोश ठेवून जाडजूड इंग्रजी पुस्तकं वाचली. सुरुवातीला एका पानाला एक अख्खी संध्याकाळ जायची. हळूहळू सगळ्या हॉस्पिटलचं जाळं तिच्या गळ्यात पडलं. हुद्दा मात्र कागदोपत्री 'तारतंत्री, श्रेणी दोन' असाच राहिला, आणि त्याचाही राग होताच.

तिची खोली तळमजल्यावर, चादरींच्या गोदामामागे. पूर्वी तिथे मोडक्या व्हीलचेअर टाकत. खिडकी नाही, एसी गळतो, त्याच्याखाली बादली. मधोमध एक उंच लोखंडी कपाट, त्यात लुकलुकणारी यंत्रं, आणि कपाटाच्या दाराला दोऱ्यांनी बांधलेली पुठ्ठ्याची कार्डं. ही कार्डं म्हणजे मावशीची खास पद्धत. बाहेरून येणारी माहिती आत सोडायची की नाही ते ठरवते ती फायरवॉल. आणि आत आलेली कुठे धाडायची ते बघतो तो राउटर. फायरवॉलमधला 'याला सोड' असा प्रत्येक नियम म्हणजे भिंतीला पाडलेलं एक भोक. ते कोणी पाडलं, कधी, कशासाठी आणि कधी बुजवायचं, हे कार्डावर सहीसकट लिहिल्याशिवाय मावशी भोक पाडत नसे आणि दुसऱ्यालाही पाडू देत नसे. मोठ्या साहेबांच्या हुकमावरूनसुद्धा नाही.

अशा या मावशीच्या राज्यात एका मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता सगळं बंद पडलं. नोंदणीच्या खिडक्या अडल्या. लॅबचे रिपोर्ट लॅबमध्ये आणि डॉक्टर वरच्या मजल्यावर. शहराबाहेरच्या शाखा-दवाखान्यातून एक्स-रे येतात, ते वाटेतच कुठेतरी लटकले. एक तास चाळीस मिनिटं हा तमाशा चालला. दोन ऑपरेशनं पुढे ढकलली गेली आणि बाहेरच्या रांगेनं पार्किंग गाठलं.

मावशीनं राउटर बंद करून चालू केला, तो दोन मिनिटं शहाण्यासारखा वागला आणि पुन्हा आडवा पडला. मग तिनं बाहेरची लाइन उपटून काढली. राउटर लगेच ताळ्यावर आला. दुखणं बाहेरून येत होतं, हे तिथेच कळलं. तिनं राउटरचे आकडे पडद्यावर काढले. 'तुकडे जोडता आले नाहीत' या ओळीपुढे एरवी दहा-बारा असायचे. त्या दिवशी बेचाळीस लाख होते.

"अगं बाई," मावशी म्हणाली. एवढं मऊ ती वर्षातून एखाद्या वेळी बोलायची.

हे तुकड्यांचं प्रकरण समजायला अवघड नाही. साहेबांना अवघड वाटलं तो भाग वेगळा. तारेतून माहिती पाकिटांमधून जाते. पाकीट मोठं आणि वाट अरुंद असली की वाटेतलं यंत्र त्याचे तुकडे करतं. हा तुकडा कुठल्या पाकिटाचा आणि त्यात त्याची जागा कोणती, एवढं प्रत्येकावर लिहिलेलं असतं. पण पाकीट कोणत्या कामाला आलंय ते फक्त पहिल्या तुकड्यावर. फायरवॉल जुनी असली की ती पहिल्याची झडती घेते आणि मागच्यांना 'त्याच्याबरोबरचेच ना, जा' म्हणून सोडून देते. पहिला आलाच नसला तरीही सोडते, तसा नियम कोणी करून ठेवला असेल तर. तुकडे जोडायचं काम आतल्या राउटरचं. उरलेले येतीलच, या भरवशावर तो हातातले तुकडे अर्धा मिनिट जपून ठेवतो. वेटिंग रूममध्ये पिशव्या ठेवून नातेवाइकांसाठी खुर्च्या अडवतात, तसंच ते. कधीच पुऱ्या न होणाऱ्या पाकिटांचे लाखो तुकडे कोणी मुद्दाम आत सोडले, तर सगळ्या खुर्च्यांवर पिशव्याच पिशव्या होतात आणि खरा पेशंट उभाच राहतो.

मग हे तुकडे आत सोडणारा नियम कोणाचा, हे बघायला मावशी कपाटाच्या दाराकडे वळली. खालून तिसऱ्या दोऱ्याला एक पिवळं पडलेलं कार्ड होतं. त्यावर लिहिलं होतं: 'शाखेच्या एक्स-रेसाठी सर्व तुकडे सोडणे. तात्पुरतं. दोन दिवस.' तारीख आठ वर्षांपूर्वीची. सही तिची स्वतःची.

तिला सगळं आठवलं. शाखेचे एक्स-रे तेव्हा अर्धेच उमटायचे. छाती यायची आणि पोट गायब. शाखेच्या राउटरनं पाकिटं लहान पाठवली असती तर प्रश्न मिटला असता, पण तिथले प्रमुख म्हणाले, आमच्या यंत्राला हात लावायचा नाही. फक्त शाखेकडून येणारे तुकडे सोडावेत, तर शाखेच्या लाइनचा पत्ता तेव्हा दर आठवड्याला बदलायचा. वर हाडांचे डॉक्टर डोक्यावर बसलेले. म्हणून तिनं कोणाचेही, कुठूनही येणारे तुकडे सोडले. दोन दिवसांपुरते.

मावशीनं दाराकडे बघितलं. कोणी नव्हतं. तिनं दोरा तोडला आणि कार्ड एप्रनच्या खिशात घातलं. मग फायरवॉलमध्ये तो नियम आवळला, बाहेरची लाइन जोडली आणि हॉस्पिटल सुरू झालं. लोकांनी तिला शाबासकी दिली. ती सगळ्यांवर खेकसली.

दुपारी मोठ्या साहेबांनी गुन्हेगार शोधूनही काढला. नोंदणीच्या एक नंबरच्या खिडकीवर बसणारी बाई, जिला सगळे खिडकीवाली म्हणत, तिनं त्या सकाळी अकरा दहाला आपला फोन चार्जिंगसाठी हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरला लावला होता. कॉम्प्युटरनं ते टिपून ठेवलं होतं. फायरवॉल विकणाऱ्या कंपनीचा टायवाला माणूस फोनवर म्हणाला, "आमचं यंत्र शंभर टक्के सुरक्षित आहे, साहेब. आतूनच कोणीतरी घाण आणली असणार." साहेबांना हे फार पटलं. पटायला सोपं होतं. खिडकीवालीला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं, आणि चौकशीनंतर काय होणार ते शिपायालाही माहीत होतं.

खिडकीवाली पर्स काखेत मारून मावशीच्या खोलीत आली. तिचं तोंड उतरलं होतं. एरवी या दोघींचं बिलकूल पटायचं नाही. खिडकीवाली पेशंटना नंबर देता देता नणंदेच्या कागाळ्या सांगायची, आणि फोन लावू नकोस असं मावशीनं तिला किती वेळा सांगितलं होतं त्याला सुमार नाही.

"मावशी, माझ्या फोनमुळेच झालं का हो हे?"

'नाही' हा दोन अक्षरी शब्द होता. खिशात कार्ड होतं.

"हजारदा सांगितलं होतं, लावू नकोस म्हणून!" मावशी ओरडली. "कान आहेत की नुसते डूल अडकवायला ठेवलेत?"

खिडकीवाली मान खाली घालून निघून गेली.

त्यानंतरचे नऊ दिवस मावशी नुसती धुमसत होती. आधी टायवाल्यावर, त्याच्या शंभर टक्क्यांवर. मग शाखेच्या प्रमुखांवर. मग साहेबांवर, कारण राउटर म्हातारा झालाय, बदला, असं तिनं त्यांना पाच वर्षांत चार पत्रांतून लिहिलं होतं आणि चारही पत्रांवर 'पाहिले' असा शेरा मारून ती परत आली होती. पाहिले! बघून काय केलंत, आरती ओवाळलीत? चौकशीचा अहवाल तिच्याकडे सहीला आला, 'तांत्रिक कर्मचाऱ्याचे मत: बाहेरील उपकरणामुळे बिघाड', खाली रिकामी जागा. तिनं तो टेबलाच्या खणात कोंबला. शिपाई रोज विचारायला यायचा आणि रोज बोलणी खाऊन जायचा.

आठव्या दिवशी संध्याकाळी तिनं हे सगळं नवऱ्यासमोर ओकलं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून तो एका मनगटी घड्याळाच्या पोटात चिमटा घालत होता, आणि ती भाजी अशी चिरत होती की भाजीचं काही चुकलं असावं. कार्डाचं तिनं आजच पहिल्यांदा सांगितलं.

"म्हणजे दार तू उघडलंस," तो भिंग न काढता म्हणाला.

"उघडावं लागलं! सगळं ऐकलंत ना तुम्ही? शाखेचा पत्ता दर आठवड्याला बदलायचा, मी काय करणार होते?"

"अजून बदलतो?"

सुरी थांबली. पाच वर्षांपूर्वी शाखेला नवी लाइन मिळाली होती आणि तिला कायमचा एकच पत्ता होता. ती लाइन मावशीनंच जोडली होती. त्याच दिवशी नियमात तो पत्ता टाकून भोक शाखेपुरतं लहान करता आलं असतं. दहा मिनिटांचं काम. त्यासाठी साहेबांची सही नको होती, नवा राउटर नको होता. पण ती त्या वर्षी साहेबांवर इतकी चिडलेली होती की पहिलं पत्र लिहिण्यातच गुंतली. एकेका पत्राला तिनं एकेक रविवार घालवला होता. शब्द निवडून निवडून, साहेबांना झोंबतील असे.

"नाही बदलत," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय, मग? तुम्ही तुमची घड्याळं बघा! सगळं समजतं मोठं!" तिनं परात आपटली. नवऱ्यानं घड्याळ बंद केलं, भिंग काढलं आणि उरलेली भाजी स्वतः चिरायला घेतली. त्याच्या या न बोलण्याचाही तिला फार राग आला, आणि मग रडू आलं.

दहाव्या दिवशी सकाळी चौकशीची बैठक होती. मावशीनं गोदामातून त्याच जातीचा एक जुना राउटर धूळ झटकून काढला, ट्रॉलीवर तीन लॅपटॉप ठेवले आणि ट्रॉली ढकलत बैठकीच्या खोलीत शिरली. लांब टेबलाच्या एका टोकाला साहेब, बाजूला समितीचे दोन डॉक्टर आणि टायवाला; दुसऱ्या टोकाला खिडकीवाली. तिनं इस्त्रीची साडी नेसली होती आणि हात मांडीवर ठेवून बसली होती.

"मावशी, फक्त सही हवी होती," साहेब म्हणाले.

"सगळ्यांचे फोन या ट्रेमध्ये ठेवा," मावशी म्हणाली. "तुमचाही, साहेब. टायवाले दादा, दोन्ही. दुसरा खिशात आहे, दिसतोय मला."

तिचा आवाज असा होता की फोन निघाले. तिनं ट्रे बाहेर शिपायाच्या हातात दिला आणि दार लावलं. मग एका लॅपटॉपवरून राउटरमधून दुसऱ्यावर एक एक्स-रे पाठवला. तिच्याच हाताचा होता, शिडीवरून पडली होती तेव्हाचा. दोन सेकंदांत अख्खा हात उमटला. "आता बघा," म्हणत तिनं तिसऱ्या लॅपटॉपवरून तुकडे सोडायला सुरुवात केली, डोकं नसलेले, शेपूट नसलेले, कधीच पुरे न होणारे. तिनं तोच एक्स-रे पुन्हा पाठवला. बोटं आली. तळवा आला. मनगटाशी चित्र अडलं ते अडलंच. राउटरचा हिरवा दिवा आधी चाचरला, मग विझला.

"या खोलीत एकही फोन नाही," मावशी म्हणाली. "हिच्या फोनचा त्या दिवसाशी काडीचा संबंध नव्हता. आकडे छापून आणलेत. सगळं बाहेरच्या लाइनवरून आलं, कुठल्यातरी भामट्यानं लांबून सोडलेलं."

टायवाला खाकरला. "हे... म्हणजे जुन्या यंत्रांमध्ये तसं होऊ शकतं, पण तुकडे सरसकट सोडायचा नियम केला असेल तरच. असा नियम कोण करेल?"

"बरोबर," साहेब पुढे झुकले. त्यांना आता नवा माणूस सापडायची आशा वाटायला लागली होती. "कोणी केला तो नियम?"

मावशीनं खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "ही तर तुमची सही."

"माझीच."

"तात्पुरता नियम आठ वर्षं कसा राहतो?"

"तात्पुरताच राहतो, साहेब. कायमचं काही करायचं तर तुमची सही लागते!" तिनं चार पत्रांच्या प्रती त्यांच्यापुढे आपटल्या. "पहिली चूक माझी. पाच वर्षांपूर्वी मला ते भोक लहान करता आलं असतं, मी केलं नाही, तीही माझीच. या चार तुमच्या. 'पाहिले, पाहिले, पाहिले, पाहिले.' आणि यांनी एक आकडासुद्धा न बघता शंभर टक्के म्हणून सांगितलं, ती यांची. सगळं लिहून घ्या अहवालात, मग मी सही करते. लाज वाटते का कोणाला? नाही ना? खिडकीवरची बाई सापडली, झालं काम! तिच्या हातात ना यंत्र, ना सही, ना कंपनी. भांडायला कोणी येणार नाही, म्हणून ती!"

बोलता बोलता तिचा श्वास चढला. डॉक्टरांपैकी एकानं पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. साहेब पत्रांकडे बघत म्हणाले की बाईंना सोमवारपासून कामावर घेता येईल, आणि मावशींच्या बाबतीत वेगळी चौकशी करावी लागेल. मावशी म्हणाली, "करा." तिला आतून मोकळं वाटत होतं. नऊ दिवसांत पहिल्यांदा राग योग्य जागी पडला होता, असं तिला वाटलं.

बैठक संपली. सगळे ट्रेमधले आपापले फोन घेऊन निघून गेले. मावशी वायरी गुंडाळायला लागली. खिडकीवाली मात्र टेबलाच्या त्या टोकाला तशीच बसून होती. आता ही रडेल, आभार मानेल, आणि आपल्याला ते सहन होणार नाही, या भीतीनं मावशी पाठ करूनच उभी राहिली.

"मावशी, तुम्हाला कधी कळलं हे?"

मावशीनं वायरीचा पीळ सोडवला. पुन्हा घातला.

"मी खाली विचारायला आले होते, तेव्हा माहीत होतं?"

"हो."

खिडकीवालीनं मांडीवरची निरी सारखी केली. मग बोलली तेव्हा तिच्या आवाजात भांडण नव्हतं. भांडण असतं तर मावशीला बरं वाटलं असतं.

"मला वाटलं, मीच केलं. तुम्ही तसं म्हणालात, आणि या कामातलं तुमच्याहून जास्त कोणाला कळतं? ऑपरेशन पुढे गेलेले एक आजोबा होते, तिसऱ्या मजल्यावर. चार दिवस जास्त कळा सोसल्या त्यांनी. मी घरून यायची रोज. त्यांच्या बायकोला सांगितलं, माझ्यामुळे झालं. त्यांनी तोंड फिरवून घेतलं. मी तरी जायची. डबा धुऊन द्यायची, पाय चेपून द्यायची. परवा त्यांना घरी सोडलं. जाताना त्या म्हणाल्या, जा, केलं माफ."

मावशी वळली. "मी जाते त्यांच्या घरी. मी सांगते त्यांना, की तू नव्हतीस. पत्ता काढ."

"नका जाऊ."

"अगं, पण..."

"माझ्या मुलीलाही मी हेच सांगितलंय. आई, तू खरंच केलंस का, म्हणून तिनं विचारलं, तर हो म्हटलं. म्हटलं, चूक झाली की कबूल करायची असते." ती उठली, पर्स उचलली. दाराशी पोचल्यावर थांबली. "त्या दिवशी तुम्ही नुसतं नाही म्हटलं असतं ना, तर नोकरी गेली असती तरी चाललं असतं मला."

ती गेली. तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली उतरत गेला. वायरमावशी वायरीचं वेटोळं हातात धरून उभी होती. तिनं साहेबांवर चिडायचा प्रयत्न केला, टायवाल्यावर करून बघितला. काही जमेना. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे कोणावर ओरडण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि त्या रिकाम्या खोलीत तिला स्वतःचीच फार भीती वाटली.